बेबीताईचा वाकडा फॉल

पिपरी मेघे आणि आसपासच्या तमाम सभ्य, सुशिक्षित व प्रतिष्ठित कुटुंबांना जड अंतःकरणाने आणि पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येत आहे की, आपापल्या कपाटांतल्या साड्यांचे फॉल यापुढे जसे वाकडे आहेत तसेच राहतील. ते इतके वाकडे लावू शकणारा एकमेव हात आता राहिला नाही. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, आणि जमल्यास थोडी लाजही बाळगावी.

हे निवेदन मी आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार होते. टाकलं नाही, कारण तिथं आधीच एक येऊन पडलं होतं. सकाळी दुकानात उदबत्ती लावत असताना फोन वाजला आणि मी वाचलं, ‘पिको-फॉलवाल्या बेबीताई खंडाते यांचे समुद्रपूर येथे बहिणीकडे हृदयविकाराने दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत, सात-आठ हातांनंतर, एका वहिनींचा प्रश्न होता, ‘माझी मोरपंखी सिल्क त्यांच्याकडे होती, कोणाला काही माहीत?’ उदबत्ती बोटापर्यंत जळत आली तरी मी तशीच उभी होते. रडू नंतर आलं. आधी आली ती शिसारी. त्या वहिनींची आली, त्या हातांची आली, आणि सगळ्यात जास्त ‘पिको-फॉलवाल्या’ या शब्दाची आली. कारण तो शब्द माझा होता. ते सोंग मी रचलं होतं.

मी कोण, ते सांगते. वर्ध्यात आमचं कापडाचं दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, सेवानिवृत्ती असो, मला ‘दोन शब्द’ बोलायला उभं करतात आणि मी वीस मिनिटं खाली बसत नाही. लोकांना हसवणं हा माझा धर्म आहे असं म्हटलं तरी चालेल. अशा बाईला देवानं काय शिक्षा द्यावी? तर हसता येऊ नये! धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं. टाका भरला, डाग पांढरा पडला, पण आत कुणीतरी दोरी आवळून ठेवल्यासारखं झालं. जरा मोठ्यानं हसले की ओढ बसायची, ती थेट पाठीमागे कंबरेपर्यंत. पाळीच्या दिवसांत तर सरळ उभं राहणं मुश्कील. अशी सहा वर्षं गेली. एक डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, दुसरे म्हणाले वजन कमी करा, तिसरे म्हणाले मन रमवा. मन रमवा! मला! घरी आमचे हे म्हणाले, “गॅस असेल.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही काय लेकरं नाई काढले? इतकं कौतुक नोहतं आमचं.”

मग एकदा नणंदेचा आखडलेला खांदा दाखवायला तिच्याबरोबर एका दवाखान्यात गेले. तिथं फिजिओथेरपीच्या खोलीत एक मदतनीस बाई होती. ठेंगणी, काळीसावळी, पांढऱ्या ॲप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी नणंदेला काहीतरी विनोद सांगत होते आणि सवयीनं एका हातानं पोट दाबून हसत होते. ती बाई चादर घडी करता करता थांबली.

“पोट धरून काऊन हसता बाई? टाक्याचं हाये का?”

सहा वर्षांत मला विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. तीच बेबीताई. गोंड समाजातली, आजी बाळंतिणींची पोटं बांधायची, त्यामुळे हात घरातूनच आलेला. दवाखान्यातल्या मॅडमनी ते हात ओळखले, शिकवलं, आणि नागपूरला मायोफेशियल रिलीजचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला लावलं. स्नायूंभोवती जे पातळ अस्तर असतं, ते जखमेनं, ताणानं, वर्षानुवर्षांच्या कामानं कुठंतरी चिकटून बसतं, ते हळूहळू मोकळं करायचं, असं ते काम. नोकरी सुटल्यावर पिपरी मेघेतल्या आपल्या दोन खोल्यांत तिनं ते सुरू केलं, फक्त बायकांसाठी. प्रमाणपत्र फ्रेम करून आतल्या खोलीत लावलं होतं. ते नाव ती ‘मायो’वर जोर देऊन असं म्हणायची की जणू माहेरचं नाव सांगतेय.

तिथं पहिल्या दिवशी मी तिळाच्या तेलाची बाटली घेऊन गेले. तिनं बाटली बाजूला ठेवली. “तेल नाई लावत मी. तेलानं हात घसरते. मले धरून ठेवाचं हाये.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “हात ठेवू का?” माझ्या पोटाला आजवर पुष्कळांनी हात लावला होता. विचारलं कुणीच नव्हतं. मी मान हलवली आणि मूर्खासारखी रडायलाच लागले. तिनं टाक्याशेजारी तीन बोटं टेकवली आणि थांबली. चोळणं नाही, दाबणं नाही, नुसती धरून थांबली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं मंत्र आहे. नंतर कळलं, किती वेळ धरायचं ते ती आजीकडून आलेल्या गोंडी आकड्यांत मोजायची. तीन-चार मिनिटांनी बोटांखाली काहीतरी हललं. “भाकर कशी आपल्या आपण तवा सोडते,” ती म्हणाली, “तसं हाये हे. घाई केली त तुटते.” दीड-दोन महिने दर मंगळवारी जात होते. एका दुपारी दुकानात गिऱ्हाइकाची नक्कल करता करता मी खदखदून हसले आणि हसून झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही हात मोकळे होते.

आता सोंगाकडे येते. घरी काय सांगायचं? ‘मसाजला जाते’? आमच्या शहरात हा शब्द उच्चारला की पुरुषांच्या चेहऱ्यावर एक ओलसर, तेलकट हसू येतं. तुम्ही पाहिलं असेल. मला त्याची पालीसारखी किळस येते. म्हणून मी पहिल्याच दिवशी पिशवीत एक साडी घातली आणि सांगितलं, फॉल लावायला देऊन येते. युक्ती इतकी झकास जमली की मी ती भिशीतल्या मैत्रिणींना सांगितली, त्यांनी जावांना सांगितली, जावांनी बहिणींना. दुकानातलं एक जुनं मशीन मी स्वतः रिक्षात घालून बेबीताईकडे पोचवलं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी, रस्त्यावरून दिसेल असं मांडलं. बेबीताई कमरेवर हात ठेवून पाहत होती.

“सेठाणी, मले सुईत दोरा ओवता येत नाई वं.”

“कोण बघतंय? चार टाके मारा आणि द्या!”

ती खळखळून हसली. मी पण हसले, दोन्ही हात मोकळे ठेवून. त्या दिवशी मी स्वतःवर किती खूश होते, ते आज आठवलं की...

पुढची नऊ वर्षं पिपरी मेघेत सगळ्यात वाकडा फॉल लावणाऱ्या बाईकडे सगळ्यात मोठी रांग होती. लाल साडीला मेंदी रंगाचा फॉल. कुठं आत दुमडलेला, कुठं बाहेर डोकावणारा, आणि जागोजागी चुण्या. आमचे हे एकदा हैराण होऊन म्हणाले, “अगं, दुकान आपलं, चांगले दोन कारागीर आपल्याकडे, आणि तू हे असलं शिवून आणतेस?” मी म्हटलं, गरीब बाई आहे, तेवढाच आधार. पाहा, खोट्यावर वरून दानाचा मुलामा! पण त्या चुण्यांवरूनच बेबीताईनं मला माझं शरीर समजावलं होतं. साडी उलटी करून म्हणाली, “हे पाय, दोरा मी इथं वढला, अन् चुणी पडली तिकडं. तुयं बी असंच. टाका पोटावर, दुखणं कंबरेत. डॉक्टर चुणी पाहून राह्यले, दोरा कोणी पाह्यलाच नाई.”

समुद्रपूरकडची एक बाई यायची. बाळंतपणात खाली टाके पडले होते, त्यानंतर बारा वर्षं तिला टेकून बसता येत नव्हतं. कुणाला सांगणार? एसटीत जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभी राहायची, कंडक्टर ओरडायचा, “बाई, बसा नं, नाटकं काऊन करता?” बेबीताई तिच्या कंबरेवर, मांड्यांवर, पोटावर काम करायची, वरवरून, कपड्यावरून, तिनं ‘थांब’ म्हटलं की हात उचलायची. एका मंगळवारी ती बाई आली आणि दारातूनच म्हणाली, “बेबीताई, मी बसून आली.” आणि तिथंच, बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर, पुन्हा बसून दाखवलं. बेबीताई जादूचा दावा कधी करायची नाही. एकीच्या काखेत गाठ हाताला लागली तेव्हा तिनं लगेच हात काढला. “हे मायं काम नोहे. आजच डॉक्टरकडं जाजो. चाल, मीच येतो.” आणि गेली.

रोहण्याहून कापूस वेचणाऱ्या बायका यायच्या, ओटीच्या ओझ्यानं खांदे आणि मान गेलेल्या. त्या काही साडीबिडी आणत नव्हत्या. फाटकातूनच हाका मारायच्या, “बेबे, मान गेली वं मायी!” सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं. आणि आम्ही? आम्ही शिकलेल्या, दागिन्यातल्या, पिशव्या छातीशी धरून मांजरासारख्या भिंतीकडेनं जाणाऱ्या. आणखी एक सांगते, लिहितानाही तोंड कडू होतं. आमच्यातल्या काही जणी तिच्या टेबलावर अंग टाकून पडायच्या, तिच्या हाताखाली विव्हळायच्या, आणि उठल्यावर तिनं चहा पुढे केला की म्हणायच्या, “नको, आज उपवास आहे.” दर मंगळवारी उपवास! बेबीताई कप परत आत नेताना मला डोळा मारायची. “तुमच्या लेआउटमंधी देव लय हायेत वं सेठाणी.” मी हसायचे. मी चहा प्यायचे, एवढ्यावर स्वतःला फार मोठी समजायचे.

चार वर्षांपूर्वी बेबीताईनं बोर्ड रंगवून आणला. निळ्यावर पांढरी अक्षरं, ‘बेबी खंडाते. मायोफेशियल रिलीज. स्त्रियांच्या जुनाट दुखण्यांसाठी.’ चार स्क्रूनं दाराशेजारी पक्का केला. दोन दिवसही टिकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लेआउटचे अध्यक्ष प्रभाकरराव चार जणांना घेऊन आले. मी तेव्हा फाटकाशी पोचतच होते, हातात पिशवी, पिशवीत साडी. शेजारच्या फाटकांवरही बायका होत्या. त्यांत प्रभाकररावांच्या पत्नी शोभावहिनीही. त्यांची मान आणि जबडा असा धरायचा की जेवताना घास चावता येत नसे. त्या बेबीताईकडे गुरुवारी यायच्या.

“बेबीताई, गैरसमज नको,” प्रभाकरराव म्हणाले, “पण हा सभ्य लोकांचा लेआउट आहे. असा बोर्ड... लोक वेगळा अर्थ काढतात.”

“लोक म्हंजे कोण जी? पाचच त आले तुम्ही.”

मागच्या एकानं ते ओलसर हसू हसून घेतलं. प्रभाकररावांचा आवाज चढला. “तुमचं पिको-फॉलचं काम चांगलं चालू आहे ना? तेच करा. त्याचा बोर्ड लावा, आम्ही स्वतः लावून देऊ. हे असलं काही इथं चालत असतं तर आमच्या घरच्या बायका तुमच्या दारात पाऊल ठेवत नव्हत्या!”

बेबीताईनं तेव्हा आमच्याकडे पाहिलं. एकेका फाटकाकडे, सावकाश. मग माझ्याकडे. वीस मिनिटं खाली न बसणारी मी. एक वाक्य हवं होतं... ‘आम्ही त्याच्यासाठीच येतो’, एवढंच. मी पिशवीत पाहिलं. साडीची घडी नीट केली, जणू तिथं काही बिघडलं होतं. शोभावहिनी आत निघून गेल्या. बेबीताईनं घरातून पेचकस आणला आणि बोर्ड स्वतः काढला, त्यांना हात लावू दिला नाही. नंतर आत गेल्यावर मला म्हणाली, रागावून नाही, ते जास्त लागलं, “मले बोर्डाची हौस नोहती वं. उद्या मी नसली, अन् कोणी इचारलं का बेबी काय करत होती, त भिंतीनं तरी सांगावं.” बोर्ड तिनं टेबलामागे उलटा टेकवून ठेवला. वरून म्हणाली, “तुयी आयडिया लय पक्की निंगाली बाप्पा. आता मीच त्याच्यात अडकली.”

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. हो, जात राहिलो! शिसारी म्हणतात ती ही. ती शेवटची भेटली तेव्हा माझा खांदा धरला होता. काम झाल्यावर तिनं साडी परत दिली. नुसती इस्त्री केलेली, घडी घातलेली, फॉलच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आता नाई शिवत खोटं. वाटलं त घेऊन येजो, नाई त तशीच येजो.” पुढच्या मंगळवारी मी तशीच जाणार होते. खरंच जाणार होते. सोमवारी व्हॉट्सॲपवर ते निवेदन आलं.

तेरवीनंतर लेआउटनं शोकसभा ठेवली, तिच्याच अंगणात मंडप घालून. फाटकावर फ्लेक्स. त्यावर बेबीताईचा फोटो पासपोर्टाएवढा आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून प्रभाकरराव, हसतमुख, कमरेपर्यंत. हा माणूस कुणाच्या मरणावर इतका खूश का आहे, असं परक्याला वाटलं असतं. मंडपात एका टेबलावर हार घातलेला मोठा फोटो होता. तो उभा राहीना म्हणून तिच्या भाचीनं मागे टेका दिला होता, आतून मिळालेल्या एका फळीचा. फळीची कोरी बाजू आमच्याकडे होती. मी ओळखलं. निळी कड दिसत होती. बोर्ड बाहेर आला होता, पण त्याचं तोंड भिंतीकडेच.

तो बोर्ड आज कुठं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे शेवट शेवटासारखा ठेवता येईल. ते टेबल आता बाहेरच्या खोलीत आहे आणि बोर्ड त्याच्यावरच, पण सुलटा, फोटोच्या शेजारी, अक्षरं दाराकडे करून. भिंतीवर परत लागलेला नाही. भाचीनं घराचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही, स्क्रूची चार भोकं तशीच आहेत. मंगळवारी मी जाते, दार उघडते, झाडून घेते. खिडकीतलं मशीन मी परत नेलं, ते तिथं बघवत नव्हतं. कधी कुणी बाई फाटकाशी येते, बोर्ड वाचते, पुन्हा वाचते, आणि साडीची पिशवी घरी राहिल्यासारखी हात चाचपडत निघून जाते. बोर्ड कुणी सुलटा केला? मी केला. पण ज्या वाक्यानंतर केला ते वाक्य माझं नव्हतं. वीस मिनिटांच्या बाईचं नव्हतं.

सभेत प्रभाकरराव पहिले बोलले आणि मी दुसरी बोलणार होते. माझ्या हातात कागद होता. त्यात ‘मनमिळाऊ’ होतं, ‘कष्टाळू’ होतं, ‘सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या’ होतं. खरा शब्द एकही नव्हता. या वेळीही नजर चुकवायची सोय लिहूनच आणली होती, चार वर्षांपूर्वी पिशवीत पाहिलं होतं तशी. समुद्रपूरची ती बाई मागच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. बसली होती! रोहण्याच्या दोघी मंडपाच्या खांबाशी उभ्या. पुढच्या रांगेत आम्ही, इस्त्रीच्या पांढऱ्या साड्यांत, आणि प्रत्येकीच्या पायाशी तो फॉल, कुठं दुमडलेला, कुठं डोकावणारा, चुण्या पडलेला. प्रभाकररावांनी रुमाल डोळ्यांना लावला. सुईदोऱ्याशी इमान राखणारी बाई, असं म्हणाले. कष्टकरी आदिवासी भगिनीचा आदर्श, असं म्हणाले. मग त्यांनी हात उंचावला आणि गहिवरून सांगितलं की बेबीताईसारखा सरळ, सुबक फॉल अख्ख्या वर्ध्यात कुणी लावला नाही आणि लावणार नाही.

मी कागदावरून मान वर केली. माझ्या शेजारी शोभावहिनी पायाशी, आपल्याच साडीच्या काठाकडे पाहत होत्या. त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला, उजव्या बाजूला, जिथं बेबीताईची ती तीन बोटं वर्षानुवर्षं दर गुरुवारी थांबलेली असायची. मग जबडा उघडला, सहज, काही न आवळता, आणि आवाज अंगण ओलांडून फाटकावरच्या फ्लेक्सपर्यंत गेला.

“अहो, काऊन खोटं बोलून राह्यले? तिले फॉल लावता येतच नोहता!”